मदतीची साडी

सुलतानपूरला आम्ही पुराच्या मदतीचा अभ्यास करत होतो. मदत पोचली, तरी कोण गाव सोडून कामाला गेलं आणि का, हे घरोघरी विचारायचं. प्राध्यापक मॅडमना वऱ्हाडी कळत नाही, म्हणून मी सोबत. मी खामगावची, पण इंग्रजी शाळेतली. ऐकलेलं सगळं कळतं, बोलताना जीभ अडते. पाण्याखेरीज कुणाच्या घरून काही घ्यायचं नाही, हा मॅडमचा नियम मला सोयीचाच वाटायचा. तेवढंच बोलणं टळायचं.

शेवटच्या घरातल्या बाईचा नवरा पुण्याला बांधकामावर गेलेला. ती आणि सासू दोघीच घरी. मुलाखत संपली तशा मॅडम फोनवर बोलत अंगणात गेल्या.

"माहेर कोनतं व तुहं?" बाईनं विचारलं.

"खामगाव. लग्न यंदाच झालं."

"मंग आपलीच लेक हाय."

ती आत जाऊन कुंकू, सुपात गहू आणि साडी घेऊन आली. जांभळी, घडीही न मोडलेली. तसल्याच साड्या मी सकाळपासून गल्लीभर वाळत घातलेल्या पाहिल्या होत्या. मदतीतल्या.

"नको," मी पटकन म्हणाले, "तुम्हालाच लागेल."

तिचा हात थांबला. दारातली सासू हसली. "मदतीचं लुगडं हाय ते. तिले नाही चालत."

"तसं नाही," म्हणत मी नियम सांगितला. अगदी शुद्ध मराठीत.

"आमची सारी गोष्ट घेतली तुनं," बाई म्हणाली, "तवा नाही आडवा आला नियम? पूर आल्यापासून या घरातून कोनाले काही देल्लं नाही व माय. सारं घेऊनच राह्यलो. नव्या नवरीले रिकाम्या ओटीनं धाडू?"

मी ओढणी पसरली. पण त्याआधी अंगणाकडे पाहिलं, मॅडमची पाठ आहे ना म्हणून. बाईनं ते पाहिलं.

तिनं कुंकू लावलं, ओंजळीनं गहू घातले, वर साडी ठेवली. क्षणभर तिची मान ताठ होती. मग तिनंच साडी उचलून माझ्या बॅगेत, मुलाखती नोंदवायच्या टॅबलेटच्या खाली सारली आणि ओढणीत गव्हाची गाठ बांधून दिली.

"झाक," ती हळूच म्हणाली. "तुही मॅडम पाहीन."

नियम मोडल्याची लाज वाटली नाही. तिनं मानानं दिलेलं तिलाच चोरीसारखं लपवावं लागलं, माझ्यासाठी, याची वाटली.

"भित्री हाय लेक," सासू म्हणाली.

मी बॅगेची चेन लावली.