आळेफाट्यावरचा निकाल

"सूनबाई गुणाची हाय वहिनी, पन तिला पिक्चरला नेणं म्हंजी टमाट्याचं क्रेट नेल्यासारखं. ठिवलं तिथं बसतं, आनलं तिथं उतरतं!"

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, ओट्यावर बसून सासूबाईंना सांगत होते. मी आत खिडकीखाली भांडी घासत होते. पुढचं नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला.

"पुढच्या टायमाला तिच्या जागी शेजारच्या बबनला घेऊ," तात्या म्हणाले. "त्यो निदान शिट्टी तरी मारतो."

"एकदा न्या अजून," सासूबाई म्हणाल्या. "या वेळी बी काय बोलली न्हाई, तर मग खुशाल न्या तुमच्या बबनला."

मी नळ परत सोडला. जरा जोरातच.

माझ्या सासरी, पिंपळवंडीत, पिक्चर हा करमणुकीचा विषय नाही, तो घराण्याचा विषय आहे. तात्यांच्या जीपमध्ये बसून सगळ्यांनी जायचं आणि परत येताना आळेफाट्याच्या हॉटेलात थांबायचं. तोपर्यंत गाडीत कुणी पिक्चरबद्दल चकार शब्द काढायचा नाही! मिसळ आली की प्रत्येकाने वयाप्रमाणे आपलं मत द्यायचं. याला 'निकाल' म्हणतात. सगळ्यात शेवटी माझा नंबर, आणि माझा निकाल दर वेळी एकच असायचा, "चांगला होता."

त्या निकालांचे किस्से आमच्याकडे कांदाचाळीतल्या मालासारखे साठलेत. फरक एवढाच की हे कितीही दिवस ठेवले तरी नासत नाहीत. मी बोलत नसले तरी साठवत होते, हे मात्र तात्यांना माहीत नव्हतं.

*

पहिला मान नानांचा. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या पिक्चरमध्ये एकच गोष्ट बघण्यासारखी असते, ती म्हणजे मागचं शेत.

एका पिक्चरमध्ये हिरोने उसाची लागण करताना हिरॉईनला पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच गाणं सुरू झालं. नानांनी मिसळीत चमचा आपटला. "सकाळी लागण केली आन गाण्यात उसाला तुरा आलाय! ह्यो प्रेम करतोय का हंगाम मोजतोय?"

पण त्यांचा खरा सोहळा झाला तो एका ऐतिहासिक पिक्चरला. पडद्यावर घोडेस्वार उसळत चालले होते, भगवे झेंडे, धुरळा, नगारे. अख्ख्या टॉकीजच्या अंगावर काटा आलेला. नाना मात्र खुर्चीत पुढे सरकून डोळे बारीक करून बघत होते.

आळेफाट्यावर त्यांनी निकाल दिला. "घोड्याच्या मागं ठिबकची नळी व्हती."

"काय सांगता नाना!" तात्या म्हणाले. "त्या काळात?"

"त्या काळातच. सोळा एमएमची," नाना म्हणाले आणि पाव मोडला. "त्यातून लोकल माल. राजाच्या शेतात निदान चांगल्या कंपनीची तरी टाकायची!"

*

सासूबाईंना शेताचं काही नाही. त्या पाहुणचार बघतात.

एका पिक्चरमध्ये रुसून गेलेली मुलगी कितीतरी वर्षांनी माहेरच्या दारात येऊन उभी राहते. आई तिच्याकडे बघते, ती आईकडे बघते, बाप खांबाला धरून रडतो. संगीत बंद. टॉकीजमध्ये नुसते हुंदक्यांचे आणि नाकं ओढण्याचे आवाज.

तेवढ्यात सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "अगं उभी काय ऱ्हायलीस, आधी पानी दे तिला! उन्हाची आलीय!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काकू, आमाला बी आना!"

लोक हसायला लागले. सासूबाई अजिबात ओशाळल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि खरंच मागे दिली.

*

तात्या आपण कशालाच घाबरत नाही म्हणतात. भुताच्या पिक्चरचा हट्टही त्यांचाच होता. निकालाच्या वेळी ते अगदी निवांत बसले होते.

"ह्यात भ्यायासारखं काय हाय?" ते म्हणाले. "भूत कसं, आधी दार वाजवतं, मग लाईट घालवतं, मग हाका मारतं. इतकी आगाऊ सूचना तर लाईटवाले बी देत न्हाईत! आपला बिबट्या बघा. त्यो काय सांगून येतो का?"

सगळ्यांना पटलं. आम्ही दिवेलागणीला घरी पोचलो. तात्यांचं घर आमच्या गोठ्यापलीकडे आहे, इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाते. तरी ते आमच्या ओट्यावरून उठेनात. शेवटी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सागर, जरा बॅटरी घेऊन चल बरं माझ्यासंगं. बिबट्या फिरतोय म्हणत्यात."

"कधीपासून?" सागरने विचारलं.

"पिक्चर सुटल्यापासून."

*

आता आमचे हे.

बघायच्या कार्यक्रमात आम्हाला गच्चीवर बोलायला सोडलं, तेव्हा सागरने पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला कुठल्या टाइपचे पिक्चर आवडतात?"

मी म्हटलं, "सगळे."

ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. खाली जाऊन त्यांनी घरच्यांना सांगितलं, "मुलगी खोल आहे."

स्वतः मात्र ते फक्त 'वेगळे' सिनेमे बघतात. लग्नानंतर एकदा त्यांनी सगळ्यांना असाच एक वेगळा, बक्षीस मिळालेला सिनेमा दाखवायला नेलं. त्यात एक माणूस विहिरीच्या काठावर बसतो आणि बसूनच राहतो. इंटरव्हलपर्यंत सासूबाईंची झोप झाली होती, इंटरव्हलनंतर नानांची झाली.

आळेफाट्यावर मिसळ आली. सागर मोठ्या आशेने नानांकडे बघत होते. नानांनी रस्सा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मला कायबी कळलं न्हाई. म्हंजी भारी आसनार!"

सागरचा चेहरा असा खुलला की बास. त्या दिवसापासून घराण्यात नवा नियम पडला. पिक्चर कळला नाही असं म्हणायचं नाही. न कळणं हे आता पिक्चरच्या मोठेपणाचं लक्षण होतं!

*

माझी नणंद वैशाली पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीला आली की आमच्याबरोबर असते. तिला पिक्चर बघायची तशी गरजच पडत नाही. तिचं मत तिकिटाच्या रांगेतच तयार असतं.

"फर्स्ट हाफ एंगेजिंग आहे, सेकंड हाफ पडतो," ती मोबाईलमध्ये बघून सांगते.

"अगं पन अजून आत गेलो न्हाई आपन!" सासूबाई म्हणतात.

"आई, सगळ्यांनी तसंच लिहिलंय."

एकदा तर ती अख्खा पिक्चर बाहेर फोनवर बोलत होती. तरी निकालात सगळ्यात लांबलचक बोलली तीच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात बरोबरही!

*

मी का बोलत नाही, हे कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

माझं माहेर पारगावचं. वडील साखर कारखान्यात, ऊस आला की दिवसपाळी-रात्रपाळी. सुट्टीच्या दिवशी पिक्चर लावायचे आणि त्यांचा एकच कायदा होता. पिक्चर चालू असताना तोंड उघडायचं नाही, आणि संपल्यावर दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत उघडायचं नाही. "पोटात जिरू द्या आधी," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चहाला मग आम्ही बापलेकी तासभर बोलायचो.

इथे दुसऱ्या दिवशीच्या चहाला कुणी पिक्चरचं नावही काढत नाही. निकाल लागलेला असतो!

म्हणजे मला मत होतं. फक्त ते आळेफाट्यावर पिकत नव्हतं. आणि आता तर जीपमधली जागा जायची वेळ आली होती. जागा तरी कसली, सगळ्यात मागची आडवी सीट, मांडीवर सासूबाईंची पिशवी. पण ती माझी होती. तिथून मला सगळ्यांच्या माना दिसायच्या आणि कोण गुपचूप डोळे पुसतंय तेही.

*

तर तो शेवटचा पिक्चर.

आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारचा खेळ. टॉकीजला दोन पडदे, समोरासमोर दोन दारं. गर्दी अशी नव्हतीच. आमचा पिक्चर गावातल्या एका बँडवाल्याचा होता. त्याचं एका मुलीवर प्रेम, मुलीच्या बापाचा विरोध. इकडे बँडवाल्याच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. मांडव घातलेला, वऱ्हाड दारात आलेलं, आणि बँडवाला एकाएकी गायब! इंटरव्हल.

दोन्ही पडद्यांचा इंटरव्हल एकदमच झाला होता. सगळे वडापाव घ्यायला गेले. दारावरचा माणूसही वडापावच्याच रांगेत होता. घंटा वाजली तसे तात्या दोन्ही हातांत पुडे घेऊन पुढे निघाले.

आम्ही उजवीकडच्या दारातून बाहेर आलो होतो. तात्या डावीकडच्या दारात शिरले.

त्यांच्या मागे नाना, नानांच्या मागे सासूबाई, मग मोबाईलमध्ये बघत वैशाली, मग चटणीचा डाग पुसत सागर. सगळ्यात मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन मी. आत अंधार झाला होता. तीच रांग, तेच नंबर, रिकाम्या खुर्च्या. मी 'दार चुकलं' म्हणायला तोंड उघडलं, आणि पडदा उजळला. पिक्चर चालू झाला होता. माझं तोंड आपोआप मिटलं. सवय!

पडद्यावर समुद्र होता. एक दाढीवाला इन्स्पेक्टर किनाऱ्यावर पडलेली चप्पल निरखत होता. मला वाटलं, आत्ता कुणीतरी म्हणेल. नाना एकदा हलले. तात्या दोनदा खाकरले. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. पण न कळणं म्हणजे भारी, हा नियम सगळ्यांनाच पाठ होता. शेवटपर्यंत कुणी काही बोललं नाही. इन्स्पेक्टरने खुनी पकडला, दिवे लागले, आम्ही जीपमध्ये बसलो.

आळेफाट्यापर्यंत सगळे बाहेरची शेतं बघत होते, शेताचं काही नसलेल्या सासूबाईसुद्धा.

मिसळ आली. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी बराच वेळ कांदा चिवडला.

"धाडस पायजे राव," ते शेवटी म्हणाले. "इंटरव्हलनंतर समदाच डाव पलटला! पोरगी बी परत दाखवली न्हाई. येरागबाळ्याचं काम न्हाई हे."

सासूबाई नाराज होत्या. "सगळं खरं, पन बहिणीचं लगीन लागलं का न्हाई तेवढं तरी दाखवायचं. वऱ्हाड दारात उभं आन हे गेले समुद्रावर! मांडवातल्या मान्सांनी जेवायचं कुटं?"

"वहिनी, मधी धा वर्सं गेली," तात्यांनी समजावलं. "बँडवाला निघून गेला, शिकला, परीक्षा दिली, इन्स्पेक्टर झाला. दाढी उगं वाढवली का त्यानं? आपन समजून घ्यायचं आसतं."

"नाक पन बदललं व्हतं त्याचं," सासूबाई म्हणाल्या.

"धा वर्सं गेली म्हनलं ना!"

सागर पुढे झुकले. त्यांचे डोळे चमकत होते. "नॉन-लिनिअर आहे. लोकांना आत्ता नाही कळणार. काही वर्षांनी कळेल."

"मला तर धक्काच बसला," वैशाली म्हणाली. "सगळ्यांनी लिहिलंय सेकंड हाफ पडतो. मला तर सेकंड हाफच आवडला!"

मग सगळे रश्श्याकडे वळले. माझा नंबर होता. खरं म्हणजे निकाल संपला असंच सगळ्यांना वाटत होतं. तात्यांनी बिलासाठी हातही वर केला होता.

"थांबा तात्या," नाना म्हणाले. "पोरीचं ऱ्हायलंय."

तात्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे. त्या नजरेत एवढंच होतं, बोल गं बाई काहीतरी, न्हाई तर बबन!

नेहमीचं "चांगला होता" ओठांवर तयार होतं. तेवढं म्हटलं की सगळ्यांची अब्रू शाबूत राहणार होती, फक्त माझी जागा जाणार होती. समोर नाना पाव हातात धरून थांबले होते, माझा निकाल खरोखर ऐकायचा असल्यासारखे. मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला.

"दोन्ही पिक्चर चांगले होते, नाना," मी म्हटलं. "आता पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात बघायला रविवारी परत जाऊ. आणि तात्या, दार मी दाखवीन, मला पुढच्या सीटवर बसवा."