फोडणी नसलेलं लग्नघर

हिंगण्याची ती केस काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यांतले निम्मे विसरलोही. ही तर बाई बेपत्ता झाल्याची साधी तक्रार होती आणि शेवटी तिच्यावरून कोणावर खटलासुद्धा उभा राहिला नाही.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. देवीची साथ नागपूरच्या आसपास फिरत होती. आमचे शिपाई चोर पकडायचे सोडून लस टोचणाऱ्यांच्या बंदोबस्ताला जुंपलेले होते. लोक कवाडं लावून घेत आणि आम्ही ती ठोठावत हिंडत होतो. अशात कळमेश्वरकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. बहिणीसाठी आणलेलं नवं लुगडं त्याच्या हातात तसंच होतं.

"साहेब, माह्या बहिणीले यायनं मारून टाकलं," तो म्हणाला. "तिच्या नणंदेचं लग्न हाय म्हणून लुगडं घेऊन आलो, तं जावई म्हणते ती माहेरी गेली. माहेराहून तं मीच येऊन राहिलो ना."

बेपत्ता म्हणून नोंद घेतली. दुसऱ्याच दिवशी वस्तीतल्या पानठेलेवाल्यानं हवालदाराच्या कानावर घातलं की दिवस मावळताना नवरा फावडं आणि एक गाठोडं घेऊन नाल्याकडे जाताना दिसला होता. बायको नाहीशी, नवऱ्याच्या हातात फावडं. एवढं कळल्यावर कोणताही पोलीस जे समजेल तेच मी समजलो.

नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. पाळी संपल्यावर त्याला उचलून आणला. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, दंडावर लसीची ताजी खपली. कारखान्याच्या दारातच सगळ्या कामगारांना टोचलं होतं. बायको कुठे आहे विचारलं, तर आता तो म्हणाला, "पळून गेली."

"काल माहेरी गेली होती, आज पळून गेली. उद्या काय सांगशील?"

"साहेब, मी तिच्या अंगाले हात नाही लावला. पोराची शपथ."

पुढे त्यानं जमिनीवरून नजर उचलली नाही. मार खाऊनही तोंड न उघडणारा गुन्हेगार मी ओळखतो आणि शरमेनं गप्प बसलेला माणूसही ओळखतो. हा दुसऱ्या जातीचा वाटत होता, पण शरम खुन्यालाही वाटते. पंचांसमक्ष नाल्याकाठ खोदलं. अर्धवट जळालेली गोधडी आणि एक पातळ निघालं. पातळ पाहून भाऊ तिथंच मातीत बसला. "हे मीच घेऊन देल्लं होतं," एवढंच तो म्हणाला.

मग घराची झडती. भर दुपारची, स्वयंपाकाची वेळ. अंगणात मांडव घातलेला, लग्न तोंडावर आलेलं. वस्तीत घरोघरी तेलात मोहरी तडतडत होती, आणि या लग्नघरात मात्र फोडणीचा वासच नाही. चूल पेटलेली होती, वर नुसतं वरण शिजत होतं. कढई उपडी घातलेली. सासूच्या केसांना कित्येक दिवसांत तेल लागलेलं नव्हतं. मला एकदम माझी आई आठवली. धाकट्या भावाला देवी आल्या तेव्हा आमच्या घरातही फोडणी बंद होती आणि आईनं डोक्याला तेल लावलं नव्हतं. देवी कोपते म्हणायचे.

मी सासूसमोर बसलो. "मावशी, मांडव घातला, मग कढई काहून उपडी हाय? माता कोणाले आली? मातेचं नाव घेऊन सांगा."

"मातेचं नाव नका घेऊ, साहेब." म्हातारीनं कानाला हात लावले. "पोरीचं लग्न मोडन."

या लोकांनी सख्ख्या भावाला फसवलं, पोलिसांना फसवलं. देवीला फसवायची मात्र एकाचीही छाती झाली नाही.

वस्तीबाहेर संत्र्याच्या बागेतली झोपडी म्हातारीनंच सांगितली. तिची सून तिथं सापडली. कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेली, एक डोळा पार मिटलेला, पाण्याचं मडकं कोरडं. मला पाहून ती आधी पदर ओढायला गेली. त्या हातात पदर ओढायचीही ताकद नव्हती. भाऊ दाराबाहेर उभा राहून लहान मुलासारखा रडला.

साथीच्या दवाखान्यात ती वाचली, डोळा मात्र गेला. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. तिनं सांगितलं, लस टोचणारे घरी आले तेव्हा सासूनं कवाड लावलं होतं. परक्या पुरुषापुढे सुना दंड उघडा करत नाहीत, असं सासूचं म्हणणं. पुढे पोराला देवी आल्या आणि त्याला मांडीवर घेऊन हीच बसली. पोरगं बरं झालं, ही पडली. पाहुण्यांना कळू नये म्हणून हिला झोपडीत हलवलं आणि अंथरूण नाल्याकाठी जाळून पुरलं.

"कोणी कोंडलं तुला?" मी विचारलं.

"कोनी नाही. मी आपल्या मनानं गेली."

"मग तुझी सेवा कोण करत होतं?"

ती छताकडे पाहत बोलली. "पोराची मी केली, साहेब. माही कराले घरात दुसरी मी कोठून आनू?"

तिनं तक्रार दिली नाही. भाऊ न्यायला आला तरी गेली नाही, पोरासाठी सासरीच परतली. मी कागद बंद केले.

पुढच्या नोकरीत साथी पुष्कळ आल्या. बंदोबस्ताला कुठेही गेलो की आजारी कोण आहे हे विचारून झाल्यावर मी आणखी एक विचारायचो, "याचं करतंय कोण? तिची तब्येत कशी आहे?" लोक चमकून पाहायचे. मग म्हणायचे, "तिले काय होते? ती बरी हाय." हे सांगणारी मात्र कधीच ती स्वतः नसायची.