कोरा टायर

दादासाहेब गेल्याची वार्ता त्यांच्या वस्तीवरच्या मारुतीने आणली. पलूसपासून सायकल हाणत तो सांगलीला माझ्या दारात आला, तेव्हा मी देवपूजेला बसलो होतो. “शास्त्रीबुवा, दादासाब गेलं... हिरीवरचं इंजन चालू कराय गेलं आन् तितंच बसलं,” एवढे बोलून लढाई पाहिलेला तो गडी उंबऱ्यावरच खाली बसला. दादासाहेब माझे मावसभाऊ. हृदय थकले आहे, अंथरूण सोडू नका, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. ते त्यांनी का ऐकले नाही, हा प्रश्न गेले काही आठवडे मला स्वस्थ बसू देत नाही. जपाची माळ हाती घेतो आणि मणी तसाच बोटांत राहतो...

विहिरींवर तेलाची इंजिने बसवून देणे हा त्यांचा व्यवसाय. पलूसपासून पार खंडाळ्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर ते आपली उघडी टूरिंग मोटार घालीत. बैलगाडीची चाकोरी संपली तरी मोटार ओढ्याच्या दगडगोट्यांतून पुढे जाई. युद्ध पेटले आणि परवान्याशिवाय टायर मिळेना. चारही चाकांची नक्षी झिजली, आतल्या कापडाचे धागे दिसू लागले. फाटल्या जागी ते जुन्या टायरचा तुकडा आतून बसवीत आणि वर मलाच विचारीत, “शास्त्रीबुवा, तुमच्या उपरण्याला ठिगळ चालते, मग माझ्या मोटारीला का नको?”

एक टायर मात्र कोरा होता. युद्धापूर्वी घेतलेला, रस्त्याची धूळही न लागलेला. पडवीतल्या खुंटीवर तो टांगलेला असे आणि दुपारचे ऊन त्याच्यावर येई. खंडेनवमीला अवजारांबरोबर त्याचीही पूजा होई. इंजिनाच्या सांध्यासांध्याला तेल घालणारा हा माणूस. तो टायरही दर वर्षी तिळाच्या तेलाने चोळून काळाभोर चकाकवी आणि मग त्याला हळदकुंकू वाही. मारुती पलटणीबरोबर परदेशी निघाला, तेव्हा त्याची बायको हौसा गरोदर होती. तिचे पहिले मूल सांगलीच्या वाटेवर, बैलगाडीतच गेले होते. दादासाहेबांनी मारुतीला शब्द दिला, “दिवस भरले की हौसाला मी इस्पितळात पोचवीन. त्या दिवशी कोरा टायर निघेल, तोवर नाही.” पुढे कितीही अडले, तरी त्यांनी तो खुंटीवरून काढला नाही.

त्या वर्षी नवरात्राच्या पाठासाठी मी पलूसलाच होतो. दसरा उलटला आणि एका सकाळी हौसाला कळा सुरू झाल्या. दादासाहेबांनी कोरा टायर मागच्या चाकाला चढवला. उतरवलेला ठिगळाचा टायर सोबत घेतला. हौसा, तिची सासू आणि मी मोटारीत बसलो. वस्तीपासून सडकेपर्यंत काळ्या रानातली, उन्हाने टणक झालेली गाडीवाट. ती निम्मी सरली असेल, तोच मोठा आवाज झाला आणि मोटार कलली. उतरून पाहतो तो कोऱ्या टायरची कूस लांबलचक फाटलेली! नक्षी जशीच्या तशी. पण कुशीला बोट लावले, तर रबर चिकट आणि भेगाळलेले. तेलाने आणि उन्हाने ते टांगल्या जागीच संपले होते. झिजलेली तिन्ही चाके मात्र शाबूत उभी होती.

“आवं दादासाब,” सासू कडाडली, “त्याल पाजलं, कुकू लावलं, जावयावानी बसवून ठिवलं! आता पळ म्हटल्यावर कशाला पळंल त्यो?”

“आत्या, नंतर बोला. हौसाला धरा.”

“ती मी धरलीया. तुमी चाक धरा!”

ज्या टायरवर भरवसा उरला नव्हता, तोच दादासाहेबांनी पुन्हा चढवला आणि मोटार इतकी संथ हाकली की मागून आलेली बैलगाडी पुढे निघून गेली. “शब्द दिलाय हो मी... शब्द दिलाय...” हेच त्यांच्या ओठांवर होते. मी स्तोत्र म्हणत होतो आणि हौसा कण्हली की माझी ओळ तुटत होती. अखेर इस्पितळाची पायरी आली. दिवस कलण्यापूर्वी तिला मुलगी झाली. सासू बाहेर येऊन म्हणाली, “दोगीबी बऱ्या हाईत. जावा, त्या मोटारीला बी च्या पाजा.” दादासाहेब हसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून ते रडले.

मारुती लढाईवरून परतल्यावर त्यांनी सर्वांत आधी त्याला हेच सांगितले. “गड्या, जपून ठेवण्याच्या नादात तुझी माणसे मी घालवली असती.”

“न्हाई घालवली न्हवं? मग लय इचार करू नगासा.”

पण ते विचार करीत राहिले. त्यानंतर त्यांनी स्वतःचे म्हणून काही राखून ठेवले नाही. जरीकाठी उपरणे शेतावर जाऊ लागले, चांदीचा पेला रोजच्या पाण्याला आला. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितले, तेव्हा मला म्हणाले, “शास्त्रीबुवा, मला पडवीत टांगू नका.” मी रागावलो होतो. अजूनही कधी रागावतो, मग गहिवरतो, आणि दोन्हींतून काही हाती लागत नाही...

दादासाहेबांच्या नावाने करायच्या शय्यादानाच्या आदल्या दिवशी वहिनींनी त्यांच्या खोलीतली पेटी उघडली. दानाला कोरे वस्त्र लागते. त्या एकेक घडी काढून खाली ठेवू लागल्या... कोपरावर विरलेले सदरे, जर सुटलेले उपरणे, धुऊन धुऊन मऊ पडलेली शाल. पेटीचा तळ दिसला.

“भावोजी, यात द्यायजोगे काहीच नाही हो. बाजारातून नवे आणवू का?”

वापरलेले वस्त्र दानाला चालत नाही, असे यजमानांना मी जन्मभर सांगत आलो आहे. मी ती शाल उचलली. तिला अजून इंजिनाच्या धुराचा वास होता.

“नको वहिनी,” मी म्हणालो, “हीच द्या.”