संस्थानची बोट मी बुडवली, त्याची गोष्ट

“बोट बुडवली कुणी?”

कारभारी घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. खाली कृष्णेच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, संस्थानची मोटारबोट तळाला जाऊन बसली होती. पाण्यावर फक्त तिचा काठ आणि सोनेरी राजचिन्ह दिसत होतं. शेजारी ओल्या चड्डीत मी.

“मी बुडवली.”

“हा राजद्रोह आहे!”

“नाही रावसाहेब, दुरुस्ती आहे.”

लाकडी बोट महायुद्धाची सगळी वर्षं शेडमध्ये कोरडी पडली की फळ्या आकसतात. सांध्यातून करंगळी जाईल एवढ्या फटी पडतात. वरून रंग मारून उपयोग नसतो. रंग अधिकाऱ्यांना दिसतो, पाण्याला दिसत नाही. उन्हाळ्यात खिळखिळं झालेलं गाडीचं चाक आपण डोहात टाकतो ना, तसंच हे. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. इंजिन मी आधीच उतरवून घेतलं होतं. हे सगळं समजावलं. कारभाऱ्यांनी ऐकलं आणि घाटावर एक शिपाई बसवला. बुडालेली बोट कुणी चोरू नये म्हणून.

मी सांगलीच्या एका गॅरेजात मेकॅनिक होतो. लढाईत लष्करी वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं खोललेली, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. दिवसा स्पॅनर आणि संध्याकाळी पत्रकं, असा माझा कार्यक्रम. जबाबदार राज्यपद्धती द्या, असं आम्ही छापत होतो. त्या पत्रकांत या कारभाऱ्यांना मी ‘संस्थानच्या मानेवरचं गळू’ म्हटलं होतं. त्यामुळं निघताना गॅरेजचे मालक म्हणाले, “गड्या, तोंड इथं ठेवून जा. हात तेवढे घेऊन जा.”

मी दोन्ही घेऊन गेलो. कारण पलीकडची मळवाडी.

मळवाडीची नाव मागल्या पुरात फुटली. तेव्हापासून पावसाळा लागला की गाव तुटलं. त्याच पावसाळ्यात तिथल्या गंगूआत्याचा नवरा तापानं गेला. डॉक्टर अलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभा होता, आत्याला दिसत होता. संस्थानची बोट तेव्हा शेडमध्ये मखमली आच्छादनाखाली झोपली होती. शिष्टमंडळ घेऊन आम्ही गेलो, तर कारभारी म्हणाले, “चालू झाली तर देऊ की उताराला, माणसं नदीपार करायला.” होणार नाही याची खात्री होती म्हणूनच इतके गोड बोलले.

खात्रीला कारणही होतं. इंजिन गच्च. हँडल मारलं तर मीच फिरायचो. सिलिंडरात रॉकेल आणि ऑइल ओतून ते तसंच मुरू दिलं. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं. पिस्टन, म्हणजे आतला वरखाली होणारा दट्ट्या, एकदाचा हलला. तरी ठिणगी पडेना.

ठिणगी पाडतो मॅग्नेटो. तो उघडला आणि आत चिकट, लालपिवळा चिखल. वास घेतला. खोबरं!

शेडच्या हवालदाराला विचारलं.

“खंडेनवमीला पुजा करतूय न्हवं,” तो म्हणाला. “दरसाल नारळ फोडायचा इंजनावर. हळदकुंकू बी.”

“आणि पाणी?”

“त्ये आत जातंय की. परसाद म्हनून.”

पूजेला माझा विरोध नाही. माझ्या पान्यांना मीही कुंकू लावतो. पण वर्षानुवर्षं इंजिनाला नारळ पाजला आणि ऑइलचा थेंब नाही दिला, याला भक्ती म्हणायचं तर माझी हरकत आहे. मॅग्नेटो खोलला, धुतला, चुलीशेजारी शेकून कोरडा केला. प्लग घासले. ठिणगी पडली.

राहिलं पेट्रोल. कारभाऱ्यांनी सीलबंद पिंप काढून दिलं. लढाईच्या सुरुवातीपासून जपलेलं.

“हे मेलंय,” मी म्हणालो. “जुन्या पेट्रोलचा डिंक होतो. हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या कार्बोरेटरच्या बारीक भोकात तो बसतो. ताजं द्या.”

“या पिंपावर बंदूकधारी पहारा होता! आणि तू ओतून द्यायला सांगतोस?”

“पहारा चोराला अडवतो, रावसाहेब. डिंकाला नाही.”

ऐकलं नाहीत. मी फडक्यातून गाळून घेतलं. इलाज नव्हता.

बोट वर काढली, उपसली. फटी मिटल्या होत्या. इंजिन बसवलं, हँडल मारलं. दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. घाटावरच्या बायकांनी कानावर हात ठेवले. कारभाऱ्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला.

“उत्तम. प्रथम महाराजांचा जलविहार. उताराचं पुढं पाहू.”

“आपण शब्द दिला होता.”

“मी ‘देऊ’ म्हणालो. कधी ते म्हणालो नाही.” असं म्हणून ते स्वतः बोटीत चढले. चाचणी म्हणे. पगडी, कोट, हातात काठी.

मध्य धारेत इंजिन गुदमरलं. एक आचका, दुसरा, मग गप्प. पाणी नवं, गढूळ, ओढ जबर. मी वल्हं घेतलं. प्रवाहानं आम्हाला खाली ढकलत ढकलत नेमकं मळवाडीच्या काठाला लावलं.

“मुद्दाम केलंस!”

“पेट्रोल आपलं, रावसाहेब.”

काठावर सगळं गाव गोळा झालं. कारभाऱ्यांनी काठी आपटली. “कोणीतरी पलीकडे जा आणि ताजं पेट्रोल आणा. ताबडतोब!”

गाव एकमेकांकडं बघायला लागलं. गंगूआत्या पुढं आली. “कशातनं जायाचं, सायेब?”

 पाऊस भुरभुरत होता. कारभाऱ्यांच्या पगडीचा रंग कानावर उतरायला लागला.

“थांबा,” आत्या म्हणाली. “आमी जातो त्यातनं तुमीबी जावा.” आणि चौघांनी काईल आणली. काईल म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी कढई. फारच अडलं तर मळवाडीची माणसं तिच्यात बसून नदी ओलांडायची आणि पोहणारे बाजूनं ढकलायचे. डॉक्टर मात्र तिच्यात बसायला तयार झाला नव्हता.

“यात? मी?”

“न्हाईतर ऱ्हावा इथंच. भाकरी हाय. पर ताप भरला तर डागदर पल्याड हाय, आदीच सांगते.”

बसले. मांडी घालून, काठी छातीशी धरून. आत्यानं शेवटचं बजावलं, “लय हलू नका. आन् नाव घ्यायचं तर देवाचं घ्या, म्हाराजांचं नगं. त्यास्नी पवता येत न्हाई.”

हसलं नाही कुणीच. काईल धारेत गरगर फिरली तेव्हा आत्याचीही बोटं पदरात आवळली गेली. अर्ध्या नदीपर्यंत कारभारी शिव्या देत होते. पुढं रामरक्षा ऐकू आली.

पेट्रोलचा डबा त्याच काईलीतून आला. मी कार्बोरेटर धुतला आणि बोट घाटाला आणून लावली. त्याच आठवड्यात हुकूम निघाला: महाराजांनी प्रजेविषयीच्या कळकळीपोटी बोट मळवाडीच्या उताराला दिली आहे. काईलीचा उल्लेख नव्हता. तो आम्ही पत्रकात केला.

बंद इंजिन चालू करायचं तर जुनं पेट्रोल काढावं, प्लग घासावेत, मॅग्नेटो शेकावा. कारभाऱ्यांना यातलं काही लागू पडत नाही. त्यांना काईलीतच घालावं लागतं.