खालच्या अंगाचा दगड

आईची ओली गोधडी वॉचमनने काठीवर उचलून धरली होती. हातात नाही. काठीवर. पाणी टपटप गळत होतं. शेजारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे, पांढऱ्या बुटांत, मॉर्निंग वॉक अर्धवट सोडून आलेले.

"अहो, नदी बघायला आहे आपल्याकडे, धुणं बडवायला नाही," ते मला म्हणाले. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईला समजावून सांगा."

"कामवाली नाही. माझी आई आहे."

"असेल की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

मागे दोघं-तिघं हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दसऱ्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. मांजरी गावातल्या आमच्या वस्तीचा त्यासाठी एक दगड होता. गावाचा घाट वरच्या अंगाला. तिथे आमच्या लोकांनी पाय ठेवायचा नाही. गावाचं धुऊन झालेलं पाणी आमच्याकडे यायचं. आजी त्याच दगडावर धुवायची, आईही. आजीच्या हयातीत आम्ही बौद्ध झालो, तरी घाट त्यांचा तो त्यांचाच राहिला.

मग आयटी आलं. शेतं विकली गेली. बिल्डरने नेमके त्या दगडाच्या डोक्यावर टॉवर उभे केले आणि वस्तीची वाट कंपाउंडात घेतली. जाहिरातीत छापलं, 'खासगी नदीकाठ'. वरून हाकललं म्हणून खाली आलेली माणसं आम्ही. आता खालूनही हाकललं.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागले आणि मुद्दाम तिथेच फ्लॅट घेतला. आईला तिचा दगड खिडकीतून दिसावा म्हणून. केवढी हौस होती मला!

आई पहिल्यांदा राहायला आली ती दसऱ्याच्या तोंडावर. मी वॉशिंग मशीन दाखवलं. "त्यात गोधडी मावती व्हय? नदी हितंच हाय की," ती म्हणाली. धरणातून पाणी सोडलेलं, नदी भरून वाहत होती. लेकीच्या घरामागून आपली वाट मोकळी झाली, असंच तिला वाटलं. सकाळी मागच्या फाटकातून ती खुशाल खाली उतरली.

"अशानेच नदी घाण होते," मागून एक बाई म्हणाल्या. अख्ख्या सोसायटीचं मैलापाणी त्या दगडाच्या जरा खाली नदीतच पडतं. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

आईने मान खाली घालून काठीवरची गोधडी काढून घेतली. "चल बाय, आपलंच चुकलं," ती म्हणाली.

तिथे माझं डोकं फिरलं. जन्मभर हेच ऐकत आले होते तिच्या तोंडून.

"आपलं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. मग सेक्रेटरींकडे वळले. "नदी तुमच्या मालकीची नाही, सरकारची आहे. तुमची हद्द काठाशी संपते. आणि ही वाट आमच्या वहिवाटीची आहे, तुमचा पाया खणायच्या आधीपासून."

"मग कोर्टात जा ना. तोवर फाटकाला कुलूप."

मी आईच्या हातातली गोधडी घेतली आणि दगडावर गेले. पाण्यात उभी राहून बडवली. वर बाल्कन्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावर माझी मैत्रीण होती, ऑफिसात रोज एका डब्यात जेवायचो आम्ही. तिने आत जाऊन पडदा ओढला. आई फाटकाच्या पायरीवर बसून राहिली. एवढी एकटी मी कधीच पडले नव्हते.

संध्याकाळी आई वस्तीत निघून गेली, ती पुन्हा राहायला आली नाही. मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबतं. वस्तीतले म्हणतात, तुझं बरं चाललंय, कशाला नसती भानगड? वाटेसाठी कोर्टात लावलेल्या दाव्यावर माझं एकटीचंच नाव आहे.

कुलूप अजून तसंच आहे. दसऱ्याआधी मी लांबून, काट्याकुट्यांतून दगडावर जाते. गोधडी धुते आणि सोसायटीच्या दर्शनी कठड्यावर वाळत घालते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दावा चालेल तितकी वर्षं चालू दे. फ्लॅट विकणार नाही. वाट सोडणार नाही. आणि 'आपलंच चुकलं' हे माझ्या घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही.