वाट दाखवणाऱ्याची सीट

“सुई इंजनकडंच बघायलीय, साहेब. इंजन कुठं हाय ते मला ठाव हाय,” रहीमभाई ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टरसाहेबांनी परभणीहून आणलेलं होकायंत्र जीपच्या काचेमागं चिकटवलं होतं. होकायंत्र म्हणजे उत्तर दिशा दाखवणारी सुई. पण जीप सगळी लोखंडाची. गाडी कशीही वळवली तरी सुई बोनेटकडंच. साहेबांनी ते काढून खिशात टाकलं.

साहेब नवे होते, रहीमभाई परभणीचा. आमचं आरोग्य केंद्र गंगाखेडकडच्या काळ्या रानात, मी तिथं अटेंडंट. या रानात गाडीवाटा टिकत नाहीत. पेरणीला शेतकरी वाट नांगरून टाकतो, मग दुसऱ्या बांधानं नवी पडते. लस घेऊन गावोगाव फिरायचं तर वाट दाखवायला काहीतरी लागतंच. भिंतीवर नकाशा होता. त्यात गावाचा ठिपका होता, गावाबाहेरच्या वस्तीचा नव्हता.

तिसरा उपाय माणिकराव. तो गावातल्या मोठ्या मालकांचा माणूस. जीपला पुढं ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा, एक साहेबांची, एक वाट दाखवणाऱ्याची. तिथं तो बसायचा. मी मागं, पेट्यांजवळ. माणिकरावला वाटा सगळ्या ठाऊक होत्या, फक्त त्या सगळ्या मालकांच्या बैठकीपाशी संपायच्या. तिथं चहा, पोहे, गप्पा. लस निळ्या पेटीत बर्फात ठेवून न्यायची असते. बर्फ विरघळला की लस बाद. मालकांच्या घरची आणि गल्लीतली लेकरं टोचून होईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं. वस्तीचं नाव काढलं की माणिकराव म्हणायचा, “तिकडं रस्ता न्हाई, साहेब.” विद्यापीठाच्या नामांतरावरून गावानं या दलित वस्तीशी बोलणं टाकलं होतं, ते तो सांगायचा नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीतली दोन लेकरं गोवरानं गेली. गोवराची लस आमच्या पेटीत होती.

तरी पुढच्या फेरीला साहेब म्हणाले, “माणिकरावच बरा. माहीतगार आहे.” मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून मी जाऊन पुढच्या सीटवर बसले.

“बाई, मागं व्हा,” माणिकराव दारापाशी येऊन म्हणाला.

मी पेटी मांडीवर घेतली.

“साहेब, बघा की! बाई पुढं बसल्यात.”

“सुभद्राबाई, मग वाट कोण दाखवणार?” साहेबांनी विचारलं.

“मी. वस्तीला जायाची.”

“पाहिलीय का?”

“पायानं गेलेय.”

रहीमभाई हसला. “बाई, पायाची वाट येगळी, चाकाची येगळी.”

“चालवा तर.”

साहेब मधे अंग चोरून बसले. माणिकराव बडबडत मागं चढला.

नाल्यापर्यंत नीट गेलो. पलीकडं दोन बांधांमधली वाट एका माणसापुरतीच होती. डोक्यावर भारा घेऊन जाताना मला ती कधी अरुंद वाटली नव्हती. जीपचं तोंडसुद्धा आत शिरलं नसतं.

मागून माणिकराव खदखदला. “सांगितलं व्हतं का न्हाई? घ्या आता माघारी. मालक वाट बघायलेत.”

“बाई, हे काय केलंत?” साहेब चिडले.

मला रडू येत होतं. रागही येत होता, आणि राग मोठा होता. मी पेटी घेऊन उतरले, नाला ओलांडला आणि चालायला लागले.

“अहो, कुठं?”

“बर्फ अजून हाय, साहेब,” मी मागं न बघता म्हणाले.

थोडं पुढं गेल्यावर पावलं ऐकू आली. रहीमभाई सुयांचा डबा घेऊन येत होता. त्याच्यामागं साहेब, बूट हातात धरून. माणिकराव जीपमध्येच राहिला.

वस्तीत पहिल्याच घरापुढं एक बाई ज्वारी पाखडत होती. तिनं पेटीकडं पाहिलं. “इंजेक्शनवाले का? दर खेपेला गावातून तुमचा हॉर्न ऐकू येतो. आमाला वाटलं, तुमी हॉर्नच टोचता.”

सिस्टरची जागा रिकामी होती, म्हणून साहेबच टोचायचे. बाह्या वर करून तिच्या ओसरीत बसले. लेकरं रडली, बायांनी धरून ठेवली. चहा आला, तो सगळी लेकरं झाल्यावर प्यालो.

तिथून गावात गेलो. बर्फ पुरला, गावातलीही लेकरं झाली. पण मालक तापले. “आधी त्यांना आन् मग आमाला उरलेलं?”

“लस उरलेली नसते. चांगली असते, नाहीतर बाद,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “तक्रार वर जाणार आहे. निदान काही दिवस मागे बसा.”

“न्हाई.”

“का?”

“मागून रस्ता दिसत न्हाई.”

गावानं वस्तीशी टाकलं तसं माझ्या दिरानं माझ्याशी बोलणं टाकलं. तक्रार गेली आणि साहेबांची बदली झाली. माझी झाली नाही. अटेंडंटला कोण कुठं पाठवणार? वस्तीतल्या माणसांनी नाल्यात दगड टाकले आणि काठाकाठानं जीपपुरती वाट केली. नवे साहेब आले, त्यांनी नवा नकाशा आणला. ते बाहेर येईपर्यंत मी पुढं बसलेली होते.

गाडीला वाट दाखवणारा निवडायचा, तर त्याला रस्ते किती ठाऊक आहेत एवढंच विचारू नये. तो आधी कुणाच्या दारात उतरतो ते बघावं.