मधुमित्राचा सल्ला

गाढवपणाच सांगायचा तर माणसानं स्वतःचा सांगावा, म्हणून सांगतो. तुम्ही हसा बिनधास्त. मला मात्र अजून नीट हसू येत न्हाई.

माझं मंठ्यात खत-बियाण्यांचं दुकान. शुगर जुनी. पोरीनं मोबाईलवर शुगरवाल्यांच्या एका गटात घालून दिलं. कोणी भाकरीचं विचारतं, कोणी गोळ्यांचं. मी 'मधुमित्र' असं झोकदार नाव घेतलं आणि लागलो उत्तरं द्यायला!

मग गटात नव्या सोयी आल्या. नाव झाकून प्रश्न विचारता येऊ लागला. तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. आणि खूप उत्तरं देणाऱ्यांच्या नावापुढं हिरवी टिकली आली, 'अनुभवी सदस्य'. अहो, ती टिकली मी येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली. युरियाची गोणी राहिली बाजूला!

खऱ्या डॉक्टरांचा मात्र मला राग यायचा. उत्तर यायला दोन दिवस, आणि शेवटी काय? 'जवळच्या दवाखान्यात प्रत्यक्ष दाखवा.' हे काय उत्तर झालं? मी कधी गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात पाठवतो का?

एक दिवस नाव झाकलेला प्रश्न आला. घरच्या माणसाला शुगर आहे, पायाच्या करंगळीला जखम आहे, पण दुखत नाही. दवाखान्यात न्यावं का? मी दोन मिनिटांत ठोकलं, 'दुखत नाही ना? मग घाबरायचं काम नाही. हळद लावा, आठ दिवस बघा.'

खाली लगेच आलं, 'धन्यवाद डॉक्टरसाहेब.' मी डॉक्टर नाही, एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? न्हाई लिहिलं. गोड वाटलं हो!

दहा-बारा दिवसांनी आष्टीहून वहिनींचा फोन. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथं शेती बघतो.

"भावजी, जल्दी जालन्याला या. यांचं बोट काळं पडून राह्यलं. दवाखान्यात आणलंय."

गेलो धावत. डॉक्टर संतापलेले. म्हणाले, "करंगळी काढावीच लागेल. पाय वाचतो का ते बघू. शुगरवाल्याची जखम दुखत नाही, हीच तर भीती असते. इतके दिवस थांबलात कशाला?"

मी वहिनींवर उसळलो. "मला एक फोन करायचा होता! कोण्या मूर्खानं सांगितलं थांबा म्हणून?"

वहिनींनी मोबाईल पुढं केला. "मूर्ख न्हाई, मोठे डॉक्टर हायेत. मधुमित्र. तुमचे दादाच म्हणले, नाव झाकून इचार, धाकट्याला कळू देऊ नको. उगं घोर लावून घेतो."

पडद्यावर माझीच हिरवी टिकली, खाली माझीच हळद.

डॉक्टर म्हणाले, "या माणसाची आधी तक्रार करा."

वहिनींनी मोबाईल माझ्याच हातात दिला. "भावजी, तुम्हाला बराबर लिहिता येतं. लिहा."

काय करता? लिहिली. माझ्याच हातानं, माझ्याच विरुद्ध. पाठवली आणि माझ्या खिशातला फोन टुणकन वाजला. 'मधुमित्र, आपल्याविरुद्ध तक्रार आली आहे.'

वहिनींनी माझ्या खिशाकडं पाहिलं. मी फोन काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वाचलं आणि तशाच बाकड्यावर बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाय वाचला, करंगळी गेली. दादा शुद्धीवर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडलो. त्यानं उशाचा टॉवेल माझ्याकडं फेकला. मग म्हणाला, "चल, तोंड धू. मान्सं यायची येळ झाली."

आलीच गावची मंडळी, बिस्किटाचे पुडे घेऊन. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पयले कोन्या डॉक्टरला दाखवलं व्हतं?"

दादानं बोट माझ्याकडं केलं. "भायेर कशाला जातो? घरातच डॉक्टर हाय की आमच्या."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण बाबांनी धोतर वर करून पाय माझ्यापुढं केला. "मंग माझी बी टाच बघा जरा. दोन महिने झाले, भरूनच न्हाई राह्यली."

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं, केसपेपर काढला आणि त्यांच्यासोबत रांगेत उभा राहिलो.

बाबा पुढच्या माणसाला सांगत होते, "डॉक्टर असून बी किती साधा मानूस हाय बघा. सोता रांगेत हुभा ऱ्हातो."